अकस्मात: बाघ नदीच्या अलीकडे आणि पलीकडे

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागले की रावणवाडी मागे पडते आणि पुढे बाघ नदीचा पूल येतो. पूल ओलांडला की रजेगाव, आणि तिथून मध्य प्रदेश. दोन्ही काठांवर धानाच्या बांध्या सारख्याच, पोवारी बोलणारी घरे सारखीच, आणि सोयरिकी तर राज्यांच्या सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधीच्या. फरक पडतो तो कार्यालयाच्या उंबऱ्याशी. अलीकडच्या शाळेतल्या गुरुजींच्या घरी काही निघाले तर ते नैमित्तिक रजेचा अर्ज लिहितात. पलीकडचे गुरुजी तेवढ्याच कामासाठी आकस्मिक अवकाश मागतात. दोघांनाही हवी असते ती इंग्रजी अमलापासून चालत आलेली कॅज्युअल लीव्ह, आणि बोलताना दोघेही तिला ‘सीएल’च म्हणतात. या भानगडीत सीमेवरच्या गावाचे नाव रजेगाव असावे, हा निव्वळ योगायोग.

गंमत शब्दांच्या पोटात आहे. ‘नैमित्तिक’ म्हणजे निमित्ताने घडणारे. धर्मशास्त्रात रोजची संध्या हे नित्यकर्म, तर ग्रहणाचे स्नान हे नैमित्तिक, कारण त्याला ग्रहणाचे निमित्त लागते. ‘आकस्मिक’ हा शब्द आला ‘अकस्मात्’ वरून. संस्कृतात ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे, कुठून. त्याला नकार जोडला की ‘अकस्मात्’, म्हणजे कशामुळेही नाही. थोडक्यात, नदीच्या अलीकडे कारण आहे म्हणून सुट्टी मिळते आणि पलीकडे कारण नाही म्हणून. साहेब मात्र दोन्हीकडे सारख्याच कुरकुरीने सही करतो.

इंग्रजीत या जागी ‘सडन’ हे विशेषण आहे. लॅटिनमधल्या ज्या क्रियापदातून ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, त्याचा मूळ अर्थ खालून वर येणे, चोरपावलांनी जवळ येणे. दुसरे विशेषण ‘अब्रप्ट’. त्याच्या मुळाशी तोडणे आहे: मधेच तुटलेले ते अब्रप्ट. म्हणून इंग्रजीत सरळसोट तुटलेला कडाही अब्रप्ट, मधेच थांबलेले भाषणही अब्रप्ट आणि चार शब्दांत बोळवण करणाऱ्या माणसाचे बोलणेही अब्रप्टच. या शेवटच्या अर्थासाठी मराठीने कुणाकडून काही उसने घेतलेले नाही. ‘तो आजकाल तुटक बोलतो’ असे म्हणताना आपणही तुटण्याच्याच प्रतिमेशी पोचतो. दोन भाषांना एकमेकींचा पत्ता नसताना एकच गोष्ट सुचली, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली म्हणायची.

‘सडन’ची गोष्ट इतकी सोपी नाही. मराठीत अचानकपणा दाखवणाऱ्या शब्दांना तोटा नाही: अचानक, एकाएकी, अवचित, एकदम, तडकाफडकी, ध्यानीमनी नसताना. शिवाय आवाजावरून घडलेली फौजच्या फौज आहे: झटकन, पटकन, सटकन, धाडकन, खाडकन, गपकन. ‘एकदम’ फारसीतला, त्याचा अर्थ एका श्वासात. पण ही सगळी यादी क्रियाविशेषणांची आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण छापले, तेव्हापासून शाळेत विशेषण आणि क्रियाविशेषण यांची वेगवेगळी खाती शिकवली जातात. त्या हिशेबाने पाहिले तर ‘सडन’ला नामाच्या डोक्यावर थेट बसणारा अस्सल घरगुती मराठी शब्द जवळपास नाहीच. ‘अचानक पूर’ ही मथळ्याची भाषा झाली. घरात कुणी बोलेल तर ‘अचानक आलेला पूर’ किंवा सरळ ‘अचानक पूर आला’. काहीतरी यावे लागते, पडावे लागते, मोडावे लागते. मग ते अचानक ठरते. वस्तू आपल्या जागी बसून अचानक असू शकत नाही.

नामाला चिकटणारे जे एक विशेषण मराठीत आहे ते ‘आकस्मिक’, आणि ते चुलीजवळ फारसे ऐकू येत नाही. ते कागदावर राहते: आकस्मिक खर्च, आकस्मिक तपासणी, आकस्मिक मृत्यू. गोंदियाच्या कागदावर ते कसे आणि कितपत आले, हे पाहायचे तर या भागाचे धनी किती वेळा बदलले ते पाहावे लागते.

आज ज्याला गोंदिया जिल्हा म्हणतात तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा पूर्वेकडचा झाडीचा मुलूख. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी वारले. औरस वारस नव्हता. लॉर्ड डलहौसीने ते निमित्त धरून राज्य खालसा केले. राजाचा मृत्यू आकस्मिक म्हणता येईल, खालसा होणे मात्र पक्के नैमित्तिक होते. वारस नसेल तर काय करायचे याचे धोरण कलकत्त्यात आधीपासून ठरलेले होते आणि साताऱ्यावर ते वापरूनही झाले होते. झाडीतल्या पाटलाला मात्र ही गोष्ट कळली ती झाल्यानंतरच. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला गेला आणि बाघेच्या दोन काठांवर दोन जिल्हे आले. तरी प्रांत एकच होता, राजधानी नागपूरच होती आणि कचेरीतले शब्दही एकच होते.

त्या कचेरीचे शब्द अजून गोंदियात जिवंत आहेत. पश्चिम महाराष्ट्रात तालुका, इकडे तहसील. तिकडे तलाठी, इकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून पटवारी. पोलीस निरीक्षकाला इकडची वर्तमानपत्रे आजही ‘ठाणेदार’ लिहितात. आणि या सगळ्यांत वेधक शब्द आहे ‘मर्ग’.

पुण्याकडे कुणी विहिरीत पडून गेले, विषारी साप चावून गेले, तर पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मयत’ किंवा ‘आकस्मिक मृत्यू’ म्हणून नोंद होते. गोंदियात त्याच घटनेची बातमी संपते ती ‘पोलिसांनी मर्ग दाखल केला आहे’ या वाक्याने. रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखल तुडवताना वीज अंगावर पडली, कापणीच्या वेळी धानाच्या कडपा उचलताना हाताला नाग लागला, तेंदूपानाच्या मोसमात पहाटे जंगलात गेलेली बाई परत आली नाही: सगळ्यांच्या शेवटी मर्ग. हा फारसी शब्द, अर्थ साधा, मृत्यू. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातले पोलीस ‘मर्ग कायम’ करतात, विदर्भातले ‘मर्ग दाखल’ करतात, आणि विदर्भाबाहेरच्या मराठी वाचकाला तो शब्द छपाईची चूक वाटतो. मध्य प्रांताची सीमा नकाशावरून पुसली गेली, पण अपमृत्यूच्या नोंदवहीत ती अजून आखलेली आहे.

या दोन शब्दांतला फरक नुसता प्रांताचा नाही. ‘मर्ग’ म्हणतो, माणूस मेला. ‘अकस्मात मयत’ म्हणतो, कारणाशिवाय मेला. आणि कायद्याला नेमके तेच मान्य नसते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १७४ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ वे झाले, ते पोलिसाला सांगते की जागेवर जा, पंच बोलाव, अंगावरच्या खुणा लिही आणि मरणाचे दिसणारे कारण नोंदव. म्हणजे ज्या मृत्यूला आपण शब्दाने कारण नाकारतो, त्याचेच कारण शोधण्यासाठी ती नोंदवही उघडलेली असते. व्युत्पत्ती बारकाईने धरली तर तपास पूर्ण झाल्यावर कुठलाच मृत्यू अकस्मात उरत नाही. अर्थात हे शवविच्छेदनगृहाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगण्याची गोष्ट नव्हे.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे मध्य प्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. हिंदी आणि मराठी या दोन्ही तिथल्या राजभाषा होत्या. त्याच काळात कोशकार डॉ. रघुवीर नागपुरात बसून संस्कृत धातूंवरून शासनव्यवहाराचे शब्द पाडत होते, एकाच टाकसाळीत दोन्ही भाषांसाठी. ते दिवस टिकले असते तर बाघेच्या दोन्ही काठांवरच्या रजेचे नाव कदाचित एकच राहिले असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा विदर्भाबरोबर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. नंतर १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ साली पदनाम कोश आला. पलीकडे भोपाळची हिंदी ‘आकस्मिक’ घेऊन बसली, अलीकडे मुंबईच्या मराठीने ‘नैमित्तिक’ पसंत केले. ३९ वर्षांनी, १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून आठ तालुके वेगळे काढून गोंदिया जिल्हा केला गेला. मराठीतला ‘रजा’ हा शब्दही मुळात अरबी, त्याचा मूळ अर्थ संमती. म्हणजे रजा मागणे हे अक्षरशः ‘हो’ मागणे आहे.

या सगळ्या उलथापालथीत एक दिवस असा आहे की ज्याने गोंदियाच्या जमिनीवर थेट खूण ठेवली, आणि लोकांनी त्याला कुठलेच विशेषण लावले नाही. तो दिवस ३१ मार्च १९५१. मध्य प्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने त्या दिवशी मालगुजारी, म्हणजे गावांचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपली. जुन्या लोकांच्या बोलण्यात ते इतकेच येते: ‘मालगुजारी गेली’.

कायदा म्हणून तो बरोबरच होता. मालगुजारांनी वेठ घेतली होती, रयतेला पिळले होते, आणि कसणाऱ्याला हक्क मिळणे गरजेचे होते. पण मालगुजारांकडे गावे होती तशी तळीही होती. पूर्व विदर्भात अशी तळी सहा हजारांवर भरतात. कोहळी समाज हा तळी बांधण्यात निष्णात. उतार पाहून पाळ घालणे, पाणी एका तळ्यातून दुसऱ्या बोडीत उतरवणे, कुठल्या बांधीला आधी आणि कुठल्या बांधीला मागून द्यायचे ते ठरवणे, हे त्यांचे पिढीजात शास्त्र. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधल्याचे परंपरा सांगते. या पाण्यावरचे गावाचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिलेले असत, सरपण-चराई-मातीचे हक्क निस्तारपत्रकात. १९५१ साली तळी सरकारजमा झाली. लोकांनी त्यांना नाव दिले ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. हे नाव सरकारी लघुरूपातून आले की लोकांच्या थट्टेतून, ते काही असो, मामाच्या मालमत्तेला वाली कोण, हा प्रश्न त्यातच आला.

पूर्वी पाळ फुटली तर कुणी हाकारायचे आणि कुणी कुदळ घेऊन जायचे हे गावाला ठाऊक होते. आता पाळ शासनाची, पाणीपट्टी शासनाची आणि गाळ गावाचा. तळी काही ३१ मार्चच्या रात्री आटली नाहीत. ती हळूहळू उथळ झाली, त्यांत बेशरमची झाडे माजली, कडेकडेने अतिक्रमणे सरकत आली. एखादी पाळ जोराच्या पावसात फुटते तेव्हा बातमीत छापून येते की तलाव अचानक फुटला. तो फुटायला पन्नास-साठ वर्षे लागलेली असतात.

इंग्रजीच्या ‘अब्रप्ट’ला साजेशी जागा जिल्ह्यात शोधायची तर पूर्वेला सालेकशाकडे जावे. सपाट धानपट्टी चालत चालत येते आणि दरेकशाशी डोंगर उभा ठाकतो. तिथे कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला गोंड समाज देशभरातून तिथे कोया पुनेम या आपल्या धर्माच्या जत्रेसाठी जमतो, आणि गुहेच्या विशाल तोंडाशी उभे राहिल्यावर सपाटी कुठे संपली हे सांगावे लागत नाही. याच डोंगरातून बोगदा काढून रेल्वे छत्तीसगडात उतरते.

रेल्वेनेही गोंदियाला तुटण्याचा एक वेगळा अर्थ शिकवला. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर छत्तीसगडचे धान्य बाहेर काढायला लोहमार्ग हवा असे ठरले आणि १८८२ पर्यंत नागपूर ते राजनांदगाव अशी मीटर गेज गाडी धावू लागली. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने तो मार्ग घेतला आणि रूळ रुंद करून ब्रॉडगेज केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी अरुंद गाडी गोंदियाला येऊन मिळाली, पुढे चांद्याकडेही तशीच लाइन गेली. गोंदिया मोठे जंक्शन झाले ते रूळ जुळल्यामुळे, आणि तितकेच ते न जुळल्यामुळेही. सातपुड्यातून आलेले लाकूड, तेंदूपान, धान छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवावे लागे, आणि प्रवाशालाही बोचके डोक्यावर घेऊन फलाट बदलावा लागे. ही तूट शंभर वर्षे टिकली. राईस मिलांची धुरांडी, विडीचा व्यापार, हमालांच्या वस्त्या, गाडीची वाट पाहणाऱ्यांना चहा पाजणारी हॉटेले, यांतले बरेच काही त्या तुटलेल्या जागेभोवतीच वाढले. चालू दशकाच्या सुरुवातीला जबलपूरपर्यंतचा सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि तूट भरून निघाली. गेज बदलताना लाइन बंद राहिलेल्या वर्षांत डोंगरातल्या छोट्या स्थानकांवर जे सुनेपण आले, त्याला मात्र तिथले लोक ‘गाडी बंद झाली’ एवढेच म्हणत. इथेही क्रियापदच.

अचानक म्हणावी अशी ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र मात्र सगळ्या देशाने पाहिली. रात्री आठच्या भाषणात घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजाराच्या नोटा चलनातून गेल्या. धानपट्टीत ती वेळ कशी होती, हे शहरांतल्या रांगांच्या गदारोळात फारसे कुणी विचारले नाही. हलका धान कापून मळून झालेला, भारी धान उभा किंवा कडपांत पडलेला, मजुरी रोखीने द्यायची, आणि विकलेल्या धानाचे पैसे हातात असतील तर नेमके त्याच नोटांत. ज्यांनी ठरवले त्यांच्या लेखी तो मुद्दाम गुप्त ठेवलेला निर्णय होता. ज्याच्या हातात नोटा होत्या त्याच्या लेखी तो धाडकन कोसळलेला वासा होता. एकाच घटनेला एक माणूस नैमित्तिक म्हणू शकतो आणि दुसरा आकस्मिक, आणि दोघेही शब्दाशी प्रामाणिक असतात.

हीच गोष्ट पाण्याच्या बाबतीत २०२० साली दिसली. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिच्यावर तिथेच संजय सरोवर हे धरण आहे. धरणाखाली नदी बालाघाट जिल्ह्यातून उतरते, गोंदियाच्या हद्दीला भिडते, बाघ तिला मिळते आणि पुढे ती भंडाऱ्याकडे, गोसीखुर्द धरणाकडे जाते. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सिवनी-बालाघाटकडे जबर पाऊस झाला. धरणाचे दरवाजे उघडले गेले. २९ ते ३१ ऑगस्टच्या दिवसांत गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. नुकता रोवलेला धान चिखलाखाली गेला, घरे पडली, लोकांना नावांतून बाहेर काढावे लागले. वरचे पाणी किती सुटले आणि ते कधी पोचणार, याची खबर खालच्या गावांना वेळेत मिळाली की नाही, यावर पुढे कितीतरी दिवस वाद चालला.

‘सडन’चा तो जुना लॅटिन अर्थ, खालून वर चोरपावलांनी येणे, नदीच्या पाण्याला चपखल बसतो. पण धरणाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या अभियंत्याला तो पूर मुळीच अचानक नव्हता. त्याच्या समोर पाण्याची पातळी होती, येणाऱ्या पाण्याचा हिशेब होता, कुठला दरवाजा किती मीटर वर घ्यायचा त्याचा तक्ता होता. पाण्याला सिवनीहून खाली उतरायला कितीतरी तास लागतात. एवढ्या अंतरात कुठेतरी, राज्याच्या सीमेच्या आसपास, तक्त्यातले पाणी अचानकचे पाणी झाले. निरोप आणि नदी एकाच वेळी निघाले, आणि नदी आधी पोचली.

वर्तमानपत्रांनी मथळ्यांत ‘अचानक पूर’ लिहिला. सरकारी हिंदीत अशा पुराला ‘आकस्मिक बाढ़’ म्हणतात, म्हणजे व्युत्पत्तीने विनाकारण पूर. मराठी शासकीय लेखनात त्याच दिवसांत ‘विसर्ग’ हा शब्द फिरत होता, क्युसेकच्या आकड्यांसह. काठावरच्या माणसाने यांतले काहीच उचलले नाही. पाऊस पडून नदी फुगली तर तो म्हणतो ‘पाणी आलं’. वरून दरवाजे उघडले तर म्हणतो ‘पाणी सोडलं’. पहिल्या वाक्यात पाणी स्वतः येते. दुसऱ्यात कर्ता सांगितलेला नाही, पण कुणीतरी तो आहे हे क्रियापदातच बसलेले आहे, आणि अचानक हा शब्द तिथे लागतच नाही.

तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात बाघ-वैनगंगेच्या काठच्या गावांत सकाळी पहिली चौकशी पावसाची होत नाही. आभाळ कोरडे असले तरी चहाच्या टपरीवर मोबाइल हातोहात फिरतो, कुठल्या तरी गटावर आलेला आकडा वाचून दाखवला जातो, आणि कुणीतरी विचारतो, ‘संजय सरोवराचं किती सोडलं?’